कर्व्यांना ज्या जपानी विद्यापीठावरून कल्पना सुचली, ते नेमकं कोणतं?

माधवी_एरंडवणे

नमस्कार. माझी आजी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाची पदवीधर. तिच्या नावापुढे जी. ए. लागायचं, म्हणजे गृहीतागमा. सध्या मुलीच्या शाळेत महर्षी कर्व्यांवर प्रकल्प चालू आहे. जी पुस्तकं आणि लेख हाताला लागले त्यांत एक ओळ हमखास सापडते: जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहिती वाचून अण्णांच्या मनात स्वतंत्र विद्यापीठाचा विचार आला. पुढे काहीच नाही. ते विद्यापीठ कुठलं, कोणी काढलं, आज आहे की बंद पडलं, याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही.

दुसरा प्रश्न जरा जिव्हाळ्याचा आहे. आजीच्या पदवीला काही नातेवाईक 'चुलीची पदवी' म्हणायचे आणि तिला ते फार लागायचं. जपानचं ते विद्यापीठही स्वयंपाक, शिवण आणि बालसंगोपन शिकवून चांगल्या गृहिणी तयार करण्यापुरतंच होतं का? जाणकारांनी कृपया सांगावं. मुलीला चुकीचं काही लिहून द्यायचं नाहीये.

नितीन_डोंबिवली

टोकियोत सुगिनामी भागात महिलांचं एक ख्रिश्चन विद्यापीठ आहे. नितोबे इनाझो त्याचे पहिले अध्यक्ष. बहुतेक तेच असणार. नितोबे जगभर प्रसिद्ध होते, त्यामुळे त्यांच्या संस्थेची माहिती पुण्यापर्यंत पोचली असेल.

सायली_टोकियो

नितीनदादा, ते नव्हे. नितोबेंचं विद्यापीठ १९१८ मध्ये सुरू झालं आणि कर्व्यांनी मुंबईच्या सामाजिक परिषदेत अध्यक्ष म्हणून भाषण केलं ते डिसेंबर १९१५ मध्ये. कर्व्यांच्या हातात पडलं ते 'निहोन जोशी दाइगाक्को'चं माहितीपत्रक. आज त्या संस्थेला 'निहोन जोशी दाइगाकु', म्हणजे जपान महिला विद्यापीठ म्हणतात. २० एप्रिल १९०१ रोजी टोकियोच्या मेजिरो भागात ते उघडलं आणि आजही तिथंच आहे. पहिल्या दिवसापासून खासगी.

माधवीताई, मी इथं भाषांतराचं काम करते. जपानी शिकले पुण्यात, रानडे इन्स्टिट्यूटमध्ये. या विद्यापीठाच्या आवारात संस्थापकांचं स्मृतिसंग्रहालय आहे, तिथं मी वरचेवर जाते. विषय माझ्या फार जवळचा आहे, त्यामुळे उत्तर लांबेल.

संस्थापक नारुसे जिन्झो. जन्म १८५८, यामागुचीतल्या सामुराई घराण्यात. आपले अण्णा कर्वेही १८५८ चेच. नारुसे तरुणपणी ख्रिस्ती झाले, ओसाकाच्या बाइका मुलींच्या शाळेत शिकवू लागले, पुढे निइगाताला स्वतः मुलींची शाळा काढली. १८९० मध्ये अमेरिकेला गेले, तिथल्या स्त्रियांच्या शिक्षणसंस्था पाहिल्या आणि १८९४ मध्ये परतले ते मुलींसाठी विद्यापीठ काढायचंच असं ठरवून. १८९६ साली त्यांनी स्त्रीशिक्षणावर पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी क्रम लावून दिला आहे: मुलीला आधी माणूस म्हणून शिकवा, मग स्त्री म्हणून, मग देशाची नागरिक म्हणून. त्या काळच्या जपानी सरकारी धोरणाला हवी होती 'चांगली पत्नी आणि शहाणी आई'. नारुसेंनीही पत्नी आणि आई या भूमिका नाकारल्या नाहीत, पण त्यांना पहिली जागा दिली नाही. मला विचाराल तर या संस्थेचा सगळा इतिहास म्हणजे हा क्रम खरा करून दाखवायची ओढाताण आहे. कधी तो पाळला गेला, कधी संस्थेनंच मोडला.

पैसा कुठून आला ही गोष्ट तर मुलीच्या प्रकल्पात यायलाच हवी. हिरोओका आसाको नावाची बाई, मित्सुई या बड्या व्यापारी घराण्यातली. लहानपणी तिला वाचायची इतकी आवड की तेराव्या वर्षी घरच्यांनी पुस्तकांना हात लावायची बंदी घातली. लग्न होऊन ती ओसाकाच्या काजिमाया या सावकारी पेढीत आली. मेइजी काळात, म्हणजे १८६८ नंतरच्या बदलत्या जपानमध्ये, जुन्या पेढ्या धडाधड बुडत होत्या, तेव्हा तिनं कारभार हातात घेतला, कोळशाची खाण चालवली, बँक काढायला हातभार लावला. खाणीत ती पिस्तूल जवळ बाळगून उतरायची असं सांगतात. नारुसे तिच्याकडे मदत मागायला गेले आणि आपलं पुस्तक देऊन आले. तिनं ते तीनदा वाचलं आणि डोळ्यांचं पाणी खळेना, असं तिनंच नोंदवून ठेवलंय. वाचनबंदी सोसलेल्या बाईला ते पुस्तक का भिडलं असेल हे वेगळं सांगायला नको. तिनं स्वतः पैसे दिले, ओळखीचे धनिक आणि राजकारणी पालथे घातले, माहेरच्या मित्सुई घराण्याकडून मेजिरोची जागा मिळवून दिली. आधी विद्यापीठ ओसाकात काढायचं घाटत होतं, या जागेमुळे ते टोकियोत आलं. वासेदा विद्यापीठ काढणारे ओकुमा शिगेनोबु संस्थापना समितीचे अध्यक्ष झाले, उद्योगपती शिबुसावा एइइची खजिन्याच्या बाजूनं उभे राहिले.

सुरुवातीला तीन विभाग होते: गृहशास्त्र, जपानी साहित्य आणि इंग्रजी साहित्य. जोडीला मुलींची शाळा.

आता तुमचा दुसरा प्रश्न. हो, गृहशास्त्र होतं आणि ते महत्त्वाचं मानलं जायचं. पण त्या विभागात रसायनशास्त्र कोण शिकवत होतं ते पाहा: नागाइ नागायोशी. एफेड्रिन हे औषध वनस्पतीतून प्रथम वेगळं करणारे, बर्लिनमध्ये शिकलेले जपानचे अव्वल रसायनशास्त्रज्ञ. ते या मुलींकडून प्रयोगशाळेत प्रयोग करून घेत. अन्न, कापड, साबण, औषध यांच्या आड दडलेलं रसायन शिकवत.

त्यांच्या विद्यार्थिनींत एक होती तान्गे उमे. कागोशिमाची. लहानपणी खेळताना चॉपस्टिक लागून तिचा उजवा डोळा गेला होता. शाळेत शिक्षिका म्हणून नोकरी केली आणि हे विद्यापीठ उघडल्यावर पहिल्याच तुकडीत, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षाच्या आसपास, गृहशास्त्राला नाव घातलं. पदवीनंतर नागाइंची सहायक झाली. १९१३ साली सेंदाईच्या तोहोकु शाही विद्यापीठानं मुलींना परीक्षेला बसू दिलं. तिथं निवडल्या गेलेल्या तिघींत तान्गे एक, बाकीच्या दोघी कुरोदा चिका आणि माकिता राकु. शाही विद्यापीठात शिरलेल्या या जपानमधल्या पहिल्या तीन स्त्रिया. शिक्षण मंत्रालयानं तोहोकुला पत्र धाडलं की असं पूर्वी कधी घडलेलं नाही, प्रकरण अत्यंत गंभीर आहे, खुलासा करा. विद्यापीठ बधलं नाही. तान्गे तेव्हा चाळिशीची होती. पुढे अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समधून तिनं १९२७ मध्ये डॉक्टरेट मिळवली, परत येऊन मेजिरोतच शिकवायला लागली, जीवनसत्त्वांवर संशोधन केलं आणि १९४० मध्ये टोकियो शाही विद्यापीठाची कृषिशास्त्रातली डॉक्टरेटही घेतली.

ही बाई 'चुलीच्या' विभागातून आली. मुलींना थेट रसायनशास्त्राची पदवी द्यायला १९०१ च्या जपानमध्ये कोणी तयार नव्हतं. गृहशास्त्राच्या नावाखाली रसायन, आरोग्य, अर्थशास्त्र शिकवता येत होतं आणि नारुसेंनी ते शिकवलं. म्हणून आजीच्या पदवीला नावं ठेवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

निवृत्त_बाई_चर्चगेट

सायली, छान लिहिलंस. मी एस. एन. डी. टी.त अनेक वर्षं शिकवलं, तेव्हा आपल्या बाजूचं मी सांगते.

ते माहितीपत्रक कर्व्यांकडे आलं काशीच्या बाबू शिवप्रसाद गुप्तांकडून, ते जपानला जाऊन आले होते. सामाजिक परिषदेचं अध्यक्षपद मिळालं आणि भाषणात काय मांडावं याचा विचार करताना कर्व्यांना त्या पत्रकाचा उपयोग झाला. तोवर त्यांचा अनाथ बालिकाश्रम आणि महिला विद्यालय हिंगण्याला चालू होतं. विद्यापीठ हा त्याचाच पुढचा टप्पा. १९१६ च्या जूनमध्ये भारतवर्षीय महिला विद्यापीठ सुरू झालं, रामकृष्ण गोपाळ भांडारकर कुलपती, रँग्लर परांजपे कुलगुरू. पहिल्या वर्षी महाविद्यालयात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच मुली होत्या. १९२० मध्ये विठ्ठलदास ठाकरसींनी १५ लाखांची देणगी दिली, त्यांच्या आईंचं नाव विद्यापीठाला लागलं, तेच आजचं एस. एन. डी. टी. ठाकरसी स्वतः टोकियोला जाऊन ते जपानी विद्यापीठ पाहून आले होते, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे.

कर्व्यांना जपानकडून दोन गोष्टी पटल्या असं मला वाटतं. एक म्हणजे शिक्षण मातृभाषेतून. टोकियोत मुली जपानीतून शिकत होत्या, मग पुण्यात मराठीतून का नको? इंग्रजी त्यांनी सक्तीचा विषय म्हणून ठेवली, माध्यम म्हणून नाही. दुसरी गोष्ट म्हणजे सरकारच्या मान्यतेवाचून उभं राहायची हिंमत. पदवीला सरकारी नोकरीत किंमत नाही हे माहीत असूनही आईबाप मुलींना पाठवत राहिले. कायद्यानं पूर्ण विद्यापीठाचा दर्जा मिळाला थेट १९५१ मध्ये.

टीका मात्र झाली, आणि ती सगळीच चुकीची नव्हती. मुलग्यांचा तोच अभ्यासक्रम, तीच परीक्षा मुलींना द्या, वेगळी पदवी कशाला, असं म्हणणारे सुधारकच होते. माझ्या वर्गातल्या हुशार मुलींनाही हा प्रश्न पडायचा आणि मला तो उडवून लावता आला नाही.

सायली, जपानी विद्यापीठाला मान्यता केव्हा मिळाली?

सायली_टोकियो

बाई, नमस्कार. १९४८. म्हणजे आपल्या एस. एन. डी. टी.च्या फक्त तीन वर्षं आधी.

नारुसेंनी नावात १९०१ पासूनच विद्यापीठ म्हटलं, पण कायद्याच्या लेखी ती व्यावसायिक शिक्षण देणारी शाळा होती. १९१८ मध्ये खासगी विद्यापीठांना मान्यता देणारा आदेश निघाला आणि १९२० मध्ये केइओ, वासेदा यांना दर्जा मिळालाही. मुलींच्या संस्थांना मात्र दार बंदच. दुसरं महायुद्ध हरल्यावर शिक्षणपद्धती बदलली, तेव्हा १९४८ मध्ये नव्या पद्धतीच्या पहिल्याच यादीत या संस्थेचं नाव लागलं. सत्तेचाळीस वर्षं मुली 'विद्यापीठात' शिकल्या आणि कागदावर विद्यापीठाच्या पदवीधर नव्हत्या. माधवीताईंच्या आजींना हे माहीत असतं तर त्यांना टोकियोत कितीतरी मैत्रिणी सापडल्या असत्या.

आता संस्थेनं स्वतःचा क्रम कुठं मोडला ते सांगते, नाहीतर माझं लिहिणं नुसतं कौतुक होईल. हिरात्सुका राइचो हे नाव जपानी स्त्रीमुक्तीच्या इतिहासात सर्वांत आधी येतं. ती इथलीच, १९०६ ची गृहशास्त्राची पदवीधर. नारुसेंच्या नीतिशास्त्राच्या तासांनी ती आधी भारावली, मग निराश झाली आणि झेन साधनेकडे वळली. १९०८ मध्ये एका विवाहित लेखकाबरोबर ती डोंगरात निघून गेली आणि वर्तमानपत्रांनी गहजब केला. माजी विद्यार्थिनींच्या संघटनेनं तिचं नाव यादीतून काढून टाकलं. १९११ मध्ये तिनं 'सेइतो' हे फक्त स्त्रियांनी लिहिलेलं, स्त्रियांनीच चालवलेलं मासिक सुरू केलं. बरोबरच्या मुलींत बऱ्याच याच विद्यापीठाच्या. पहिल्या अंकाचं मुखपृष्ठ काढणारी नागानुमा चिएकोही इथलीच. आणि विद्यापीठ? त्यानं या 'नव्या स्त्रियां'शी अंतर राखलं. माणूस आधी म्हणणाऱ्या संस्थेनं आपल्याच मुलीला माणसासारखं वागवलं नाही. राइचोचं नाव यादीत परत घातलं गेलं १९९२ मध्ये, तिच्या मृत्यूला एकवीस वर्षं झाल्यावर. मला हे अक्षम्य वाटतं. संस्थेबद्दल इतकी आपुलकी असूनही वाटतं.

माधवी_एरंडवणे

सायलीताई, बाई, डोळे भरून आले वाचताना. आजी असती तर प्रिंट काढून नातेवाईकांना वाटलं असतं तिनं.

एक-दोन गोष्टी आणखी विचारते. कर्वे आणि नारुसे कधी भेटले का? भारताचा आणखी काही संबंध आहे का? आणि आज ते विद्यापीठ कसं चाललंय? मुलगी विचारते की आताच्या काळात फक्त मुलींचं विद्यापीठ हवंच कशाला.

सायली_टोकियो

माधवीताई, भेट झाली नाही. नारुसेंना यकृताचा कर्करोग झाला. जानेवारी १९१९ मध्ये त्यांनी विद्यापीठाच्या सभागृहात निरोपाचं व्याख्यान दिलं आणि ४ मार्चला ते गेले. जाण्याआधी त्यांनी आपल्या हातानं तीन तत्त्वं लिहून दिली: श्रद्धा शेवटापर्यंत नेणं, स्वतःच्या प्रेरणेनं नवं घडवणं, एकत्र येऊन सेवा करणं. कर्वे जगाच्या प्रवासात १९३० साली टोकियोला आले आणि ही संस्था त्यांनी प्रत्यक्ष पाहिली, तेव्हा नारुसे जाऊन अकरा वर्षं झाली होती. कर्व्यांना पुढे आणखी बत्तीस वर्षांचं आयुष्य लाभलं. नारुसे साठीतच गेले, यामुळे दोन्ही संस्थांच्या वळणात फरक पडला असं माझं मत आहे. अण्णांना आपली चूक-बरोबर पारखायला वेळ मिळाला.

ते सभागृह अजून उभं आहे. १९०६ चं, मोरिमुरा या व्यापारी घराण्याच्या देणगीतून बांधलेलं. मुळात विटांचं होतं, १९२३ च्या भूकंपात भिंतींना धक्का बसला आणि लाकडात पुन्हा उभारलं. आत गेलं की मान वर होते, छताच्या लाकडी कैच्या उघड्या दिसतात.

भारताचा संबंध मोठा आहे. १९१६ च्या उन्हाळ्यात, म्हणजे पुण्यात कर्व्यांचं विद्यापीठ सुरू झालं त्याच वर्षी, रवींद्रनाथ टागोर जपानमध्ये होते. नारुसेंनी त्यांना कारुइझावा या थंड हवेच्या गावी विद्यापीठाच्या उन्हाळी वसतिगृहावर बोलावलं. तिथं झाडाखाली बसून टागोर मुलींशी ध्यानाबद्दल, जीवनाबद्दल बोलले. ऐकणाऱ्यांत इंग्रजी विभागाची एक विद्यार्थिनी होती, कोरा तोमी. तिच्यावर त्या दिवसांचा असा परिणाम झाला की टागोरांच्या पुढच्या जपान दौऱ्यांत तीच त्यांची दुभाषी झाली. तिनंही अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातून मानसशास्त्रात डॉक्टरेट केली, भारतात येऊन गांधीजींना भेटली आणि १९४७ मध्ये जपानच्या वरिष्ठ सभागृहावर निवडून आली. कारुइझावाला आज टागोरांचा पुतळा आहे. मी स्वतः दुभाषाचं काम करते म्हणून असेल, पण या विद्यापीठाच्या सगळ्या मुलींत मला कोरा सर्वांत जवळची वाटते.

आता आजचं. जपानमध्ये अठरा वर्षांच्या मुलामुलींची संख्या १९९२ मध्ये २० लाखांच्या वर होती, आज ती ११ लाखांच्या आसपास आहे. खासगी विद्यापीठांना त्याची झळ बसली आहे, महिला विद्यापीठांना जास्तच. काही बंद होताहेत, काहींनी मुलांना प्रवेश खुला केला. मेजिरोनं मुलींचंच विद्यापीठ राहायचं ठरवलं आणि नवे विषय उघडले. १९९२ मध्ये विज्ञान शाखा काढली, खासगी महिला विद्यापीठांत अशी स्वतंत्र विज्ञान शाखा दुसरी नाही. २०२१ मध्ये कावासाकीतला दुसरा परिसर सोडून सगळं परत मेजिरोत आणलं. २०२४ पासून स्वतःला स्त्री मानणाऱ्या ट्रान्सजेंडर विद्यार्थिनींनाही प्रवेश सुरू केला. त्याच वर्षी वास्तुरचना आणि डिझाइनची स्वतंत्र शाखा आली.

ही वास्तुरचना कुठून उगवली? गृहशास्त्रातूनच. घर कसं असावं, त्यात बाई कुठं उभी राहून काम करते, उजेड कुठून येतो, हा अभ्यास गृहशास्त्रात वाढत गेला आणि त्यातून वास्तुरचनाकार बाहेर पडू लागल्या. सेजिमा काझुयो इथंच शिकल्या, १९८१ मध्ये पदव्युत्तर पदवी घेतली आणि २०१० मध्ये सहकारी निशिझावा र्‍यूए यांच्याबरोबर प्रिट्झकर पारितोषिक मिळवलं. वास्तुरचनेत त्याहून मोठा मान नाही. मेजिरोच्या परिसराची नवी आखणी त्यांनीच केली, २०१९ मध्ये उघडलेलं ग्रंथालयही त्यांचंच. मुलींचं विद्यापीठ कशाला, या मुलीच्या प्रश्नाला मी एवढंच म्हणेन की अजूनही जपानमध्ये अभियांत्रिकीच्या वर्गात मुली फार कमी दिसतात. मेजिरोच्या वास्तुरचनेच्या वर्गात सगळ्या मुलीच असतात, आणि मॉडेल कापण्यापासून गटाचं नेतृत्व करण्यापर्यंत सगळं त्यांनाच करावं लागतं. हा फरक मला खरा वाटतो.

नितीन_डोंबिवली

चूक दुरुस्त केल्याबद्दल आभार सायलीताई. माझी भाची बारावीला आहे, जपानीचे क्लास करते. तिथं शिकायला जाता येईल का?

सायली_टोकियो

येईल की. पण बहुतेक शिकवणं जपानीतूनच असतं, तेव्हा भाषा पक्की हवी. परदेशी विद्यार्थ्यांसाठीची प्रवेशपरीक्षा असते, तिची तयारी लवकर सुरू करायला सांगा. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर दर वर्षीचे नियम येतात, एजंटाच्या तोंडी माहितीवर जाऊ नका.

माधवीताई, कधी टोकियोला आलात तर यामानोते लाइनवरच्या मेजिरो स्टेशनला उतरा, तिथून सरळ रस्त्यानं पाऊण तासाच्या आत चालत जाऊन परत येता येतं. आधी कळवलंत तर मी सोबत येईन. मुलीच्या प्रकल्पाला फोटो हवे असतील तर व्यक्तिगत निरोप पाठवा, सभागृहाचे बाहेरून काढलेले माझ्याकडे आहेत.